न दिसणाऱ्या प्रियकराची धून

भाईंदर पश्चिमेला राई, मुर्धा, मोर्वा या गावांत हळदीची रात्र रंगते, तेव्हा बँजो पार्टीवाला शब्दांशिवायच गाणी वाजवतो. गायक नसतो, पडदा नसतो, नायक-नायिकाही नसतात. तरी पहिले चार सूर निघाले की मांडवातल्या आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना कळते की हे कुठल्या सिनेमातले आणि कोण कोणासाठी गात होते. उत्तनच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळी लग्नांत हेच काम ब्रास बँडमधला ट्रम्पेट करतो. शब्द गळून पडले तरी माणूस ओळखू येतो, अशा धुनेला चित्रपटसंगीतात 'थीम' म्हणतात. एखाद्या पात्राची किंवा एखाद्या जोडीची स्वतःची धून, जी प्रसंगागणिक वाद्य बदलते, लय बदलते, पण ओळख सोडत नाही.

प्रेमकथेला अशी धून लागतेच. पण विज्ञानपटातल्या प्रेमकथेला ती जास्त लागते. साध्या प्रेमपटात दोघेही डोळ्यांसमोर असतात. त्यांच्या नजरा, हात, रुसवे दिसतात आणि संगीत त्यात भर घालते. विज्ञानपटात मात्र दोघांपैकी एकात काहीतरी कमी असते. कोणी अदृश्य असतो, कोणी यंत्र असतो, कोणी भविष्यातून आलेला असतो, कोणाचे शरीर प्रयोगशाळेत शिवलेले असते. याच्यावर कोणी जीव कसा लावील, अशी शंका प्रेक्षकाच्या मनात येते आणि डोळे ती सोडवू शकत नाहीत. ते काम कानांवर येऊन पडते. जे पडद्यावर कमी आहे ते सुरांनी भरून काढायचे असते. म्हणून या चित्रपटांच्या प्रेमधुना तपासताना, कोणत्या संगीतकाराने कोणती उणीव कशी भरली, हे विचारले की बरेच काही उलगडते.

याचा एक फार जुना आणि फार सुंदर दाखला 1935 सालचा आहे. 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' या चित्रपटात मृतदेहांपासून एक वधू घडवली जाते. ती चित्रपटात शेवटी शेवटी, थोडाच वेळ येते आणि एकही शब्द बोलत नाही. संगीतकार फ्रांझ वॅक्समन यांनी तिला तीन सुरांची धून दिली. अवघे तीन सूर, पण वर झेपावणारे आणि हुरहूर लावणारे. ती जिवंत होण्याच्या प्रसंगात टिंपनीचे ठोके हृदयाच्या ठोक्यांसारखे पडत राहतात. जिला भाषाच नाही, तिला वॅक्समन यांनी हृदय दिले आणि तेही डोळ्यांना दिसण्याआधी ऐकू येणारे. ज्याच्यासाठी तिला घडवले त्या राक्षसाचे प्रेम ती नाकारते, तरी ती धून त्या प्रेमाची ओढ विसरू देत नाही.

पाश्चात्त्य विज्ञानपटांच्या प्रेमधुनांचा विषय निघाला की जॉन विल्यम्स यांच्यापाशी थांबावेच लागते. 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधली राजकन्या लेआची धून मंद्र पंचमावरून एकदम वरच्या शुद्ध गंधारावर उडी घेऊन सुरू होते. हार्मोनियमवर 'प' दाबून वरचा 'ग' दाबला, तर वाचकालाही ती उडी ऐकता येईल. त्या अंतरात एक मोकळेपणा आहे आणि थोडे आर्जवही आहे. तीन वर्षांनी 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये हान सोलो आणि लेआ यांच्यासाठी विल्यम्स यांनी नवी धून बांधली आणि तिची सुरुवातही त्याच उडीने केली. म्हणजे लेआ तीच, पण आता ती एकटी नाही. उडीनंतर सूर वेगळ्या वाटेने जातात, जास्त भारावलेले आणि जास्त धोक्याच्या जवळचे. हानला गोठवण्याच्या प्रसंगात ही धून पूर्ण वाद्यवृंदानिशी उसळते. प्रेमाची कबुली द्यायला त्या दोघांना फार थोडा वेळ मिळतो, बाकीचे सगळे संगीत बोलते.

या धुनांमागची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पहिल्या चित्रपटाच्या वेळी नायक ल्यूक आणि लेआ प्रेमात पडणार, असे विल्यम्स धरून चालले होते, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. ती दोघे भाऊ-बहीण आहेत, हे 1983 च्या चित्रपटात उघड झाले. संगीतकाराला कथेचा शेवट माहीत नव्हता, तरी लेआची धून चुकीची ठरली नाही. कारण ती कोणा जोडीची नव्हती, एका व्यक्तीची होती. 1977 च्या चित्रपटात ल्यूकचा वृद्ध गुरू ओबी-वान मरतो त्या क्षणी लेआचीच धून वाजते, त्या प्रसंगाचा तिच्याशी थेट संबंध नसताना. धुनेत भाव पुरेसा असला की ती पात्राच्या बाहेरही जाऊ शकते.

त्याच मालिकेतल्या 2002 च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'साठी विल्यम्स यांनी अनाकिन आणि पद्मे यांची धून ओबोवर सुरू केली आणि ती कोमल गंधाराच्या अंगाने बांधली. हे प्रेम नासणार आहे, हा प्रियकर पुढे खलनायक डार्थ व्हेडर होणार आहे, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. धून ते लपवत नाही. संवाद फिके आहेत, पण धून मात्र खरी वाटते. चित्रपट विसरून नुसती ती ऐकली, तर प्रेमकथेचा बराच भाग समजतो.

विल्यम्स यांच्याच 1978 च्या 'सुपरमॅन'मध्ये मात्र एक अवघडलेपण दिसते. सुपरमॅन लोइस लेनला आकाशात फिरवतो, तेव्हा प्रेमधून पूर्ण खुलते. तिला गीतकार लेस्ली ब्रिकस यांनी शब्द दिले होते. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांनी ते गाणे म्हणून ठेवले नाही. नायिका मार्गो किडर हिने ते शब्द मनातल्या मनात बोलल्यासारखे म्हटले आणि खाली धून वाजत राहिली. हॉलिवूडच्या पात्रांना आकाशात उडताना गाण्याचा संकोच वाटतो. मुंबईत तो संकोच कधीच नव्हता.

मुंबईच्या विज्ञानपटांची परंपरा लोक समजतात त्याहून जुनी आहे आणि तिच्यातल्या प्रेमगीतांवर मराठी-कोकणी हात जास्त फिरले आहेत. 1957 साली नानाभाई भट्ट यांचा 'मिस्टर एक्स' आला. अशोककुमार आणि नलिनी जयवंत यांच्या या चित्रपटाचे संगीत एन. दत्ता यांचे. एन. दत्ता म्हणजे दत्ता नाईक, मूळचे गोव्याचे. पुढे 'मधुचंद्र' आणि 'अपराध' या मराठी चित्रपटांच्या चालींनी ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. 'मिस्टर एक्स'मध्ये मोहम्मद रफींनी गायलेले त्यांचे एक गाणे तेव्हाच्या रॉक अँड रोलच्या ठेक्यावर आहे आणि ते अजून ताजे वाटते. दहा वर्षांनी, 1967 मध्ये, प्रदीपकुमार आणि तनुजा यांच्या 'वहाँ के लोग'ला संगीत दिले सी. रामचंद्र यांनी. पुणतांब्याचे हे रामचंद्र चितळकर उडत्या तबकड्यांच्या कथेसाठीही चाली बांधत होते. त्याच वर्षीच्या 'चाँद पर चढाई'ला उषा खन्ना यांचे संगीत होते.

या दोन वर्षांच्या मध्ये 1964 सालचा 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' येतो आणि इथे गोष्ट फार रंजक होते.

या चित्रपटात अदृश्य होणारा नायक किशोरकुमार, नायिका कुमकुम आणि संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल. आदल्याच वर्षी 'पारसमणी'ने त्यांचे नाव झाले होते. लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर मँडोलिन वाजवत, प्यारेलाल व्हायोलिन. 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' आज कोणी पाहत नाही. पण त्यातले किशोरकुमारचे विरहगीत मात्र आजही वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत हमखास गायले जाते. चित्रपट गेला, प्रियकर खरोखरच अदृश्य झाला, धून राहिली.

तेवीस वर्षांनी, 25 मे 1987 रोजी, शेखर कपूर यांचा 'मिस्टर इंडिया' आला. नायक पुन्हा अदृश्य होणारा. संगीतकार तेच, लक्ष्मीकांत-प्यारेलाल. आवाजही तोच, किशोरकुमारचा. एकाच संगीतकार जोडीने एकाच गायकाच्या आवाजात, दोन दशकांच्या अंतराने, दोन अदृश्य प्रियकर घडवले. असे उदाहरण जगात दुसरीकडे सापडणे अवघड आहे.

'मिस्टर इंडिया'तले अदृश्य करणारे यंत्र मनगटावर बसते आणि अदृश्य माणूस फक्त लाल उजेडात दिसतो. नायिका सीमा पत्रकार आहे. घरमालक अरुणशी ती सतत भांडते आणि न दिसणाऱ्या मिस्टर इंडियाच्या मात्र प्रेमात पडते. दोघे एकच आहेत, हे तिला ठाऊक नाही. आता संगीताने काय केले ते पाहावे. अनाथ मुलांना घेऊन जगणारा अरुण आयुष्याच्या रीतीविषयी गातो तेव्हा आवाज किशोरकुमारचा आहे. निळ्या साडीतल्या श्रीदेवीच्या प्रसिद्ध प्रेमगीतात न दिसणारा प्रियकर गातो तेव्हाही आवाज किशोरकुमारचाच आहे. सीमाला जे कळत नाही ते प्रेक्षकाला कानांनी आधीच कळलेले असते. त्या गीतात अलिशा चिनॉय यांच्या आवाजातला श्वास, कुजबुज आणि ठेका यांनी नायिकेची बाजू भरली आहे. पडद्यावर बऱ्याच चौकटींत ती एकटी आहे. तिच्या शेजारी हवा आहे. त्या हवेला खांदे, हात आणि ऊब देण्याचे काम किशोरकुमारच्या सत्तावन्न वर्षांच्या आवाजाने केले. त्यानंतर पाच महिनेही उलटायच्या आत, 13 ऑक्टोबर 1987 रोजी, तो आवाज थांबला.

हॉलिवूड आणि मुंबई यांतला फरक इथे नेमका पकडता येतो. विल्यम्स यांच्याकडे थीम म्हणजे सुरांची एक ठरलेली ओळ, मग ती बासरीवर वाजो की हॉर्नवर. मुंबईत ओळ बदलली तरी चालते, कारण आवाज हीच थीम असते. पार्श्वगायक हा तसाही न दिसणारा माणूस. हिंदी प्रेक्षकाला न दिसणाऱ्याचे गाणे ऐकण्याची सवय 'मिस्टर इंडिया'च्या कितीतरी आधीपासून होती, म्हणून ते प्रेमगीत त्याला क्षणभरही विचित्र वाटले नाही.

या संगीतामागे आणखी एक मोठा ऐवज आहे. प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे घेतले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तले अँथनीचे गाजलेले गाणे ही त्या गुरूंना वाहिलेली आठवण. सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर चर्चमध्ये शिकलेली स्वरसंगती हिंदी गाण्यांत आणत होते. मुंबईच्या प्रेमगीतांतला तो भरलेला, एकावर एक थर रचणारा व्हायोलिनांचा आवाज या माणसांच्या हातचा. उत्तन-वसई पट्ट्यात लग्नाच्या बँडमध्ये जे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजतात, त्यांचे नाते याच चर्चच्या संगीताशी आहे.

अदृश्य प्रियकराहून अवघड काम यंत्राच्या प्रेमाचे. 1956 च्या 'फॉरबिडन प्लॅनेट'चे संगीत लुई आणि बेबी बॅरन या जोडप्याने संपूर्णपणे इलेक्ट्रॉनिक साधनांनी केले. तळ्याकाठच्या प्रेमप्रसंगालाही एक व्हायोलिन नाही, फक्त विजेच्या मंडलांचे थरथरते आवाज. कल्पना धाडसी होती, पण प्रेमाची ऊब त्यात उतरली असे म्हणवत नाही.

ती ऊब 1982 मध्ये 'ब्लेड रनर'साठी वँगेलिस यांना सापडली. रेचेल ही मानवनिर्मित स्त्री आहे आणि तिच्या आठवणी दुसऱ्या कोणाच्या तरी आहेत. ती पियानो वाजवते, पण शिकल्याची आठवण आपली की निर्मात्याच्या भाचीची, हे तिला सांगता येत नाही. या उसन्या आठवणींच्या बाईला वँगेलिस यांनी यामाहा सिंथेसायझरच्या धुक्यात एक सॅक्सोफोन दिला, डिक मॉरिसी यांनी वाजवलेला. सगळे यंत्राचे आवाज आणि मधोमध माणसाच्या फुप्फुसातली हवा. तिच्यातले माणूसपण त्या एका वाद्यातून कळते. मात्र एक गोष्ट बोलली पाहिजे. ज्या प्रसंगात ही धून येते, तिथे नायक तिला दारातून जाऊ देत नाही, तिच्यावर जबरदस्ती करतो. संगीताने त्या प्रसंगावर पांघरूण घातले आहे. धून अप्रतिम आहे, तिचा तो वापर अप्रतिम नाही.

1984 च्या 'द टर्मिनेटर'मध्ये ब्रॅड फिडेल यांनी उलटी वाट धरली. मारेकरी यंत्राच्या धुनेतला लोखंडी आवाज त्यांनी स्वयंपाकघरातल्या कढईवजा तव्यावर ठोके देऊन मिळवला आणि ठेका तेरा मात्रांचा पडला, तोही सिंथेसायझर जुळवताना नकळत. मग सारा आणि भविष्यातून आलेला काइल एका रात्रीपुरते जवळ येतात, तेव्हा तीच धून एकट्या पियानोवर येते. ठोके नाहीत, घाई नाही. मृत्यूचा पाठलाग आणि प्रेम यांना एकच चाल. थोड्या खर्चात केलेले इतके नेमके काम विरळा.

पुढे 2008 मध्ये 'वॉल-ई'ने हॉलिवूडचा जुना संकोच सोडला. कचरा गोळा करणारे छोटे यंत्र 1969 च्या 'हॅलो, डॉली!'ची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहते आणि हातात हात कसा घ्यायचा ते त्यातल्या प्रेमगीतावरून शिकते. थॉमस न्यूमन यांचे पार्श्वसंगीत सुंदर आहेच, पण त्या यंत्राला प्रेम शिकवले ते एका गाण्याने.

भारतात यंत्राच्या प्रेमावर सर्वांत विचारपूर्वक काम ए. आर. रेहमान यांनी केले, 2010 च्या 'एंदिरन'मध्ये, म्हणजेच हिंदीतल्या 'रोबोट'मध्ये. सना या एकाच स्त्रीवर शास्त्रज्ञ वसीगरनचे प्रेम आहे आणि त्यानेच घडवलेल्या चिट्टी या यंत्राचेही. दोघांचा चेहरा एकच, रजनीकांतचा. म्हणजे चेहऱ्याने फरक कळणार नाही, तो संगीतानेच दाखवायचा. रेहमान यांनी शास्त्रज्ञाला गिटारच्या हलक्या अंगाचे गाणे दिले. तमिळमध्ये ते विजय प्रकाश आणि श्रेया घोषाल यांनी गायले, हिंदीत मोहित चौहान आणि श्रेया यांनी. चिट्टीच्या प्रेमगीताला इलेक्ट्रॉनिक ठोके आणि रॅप दिले आणि ते स्वतः रेहमान यांनी गायले. यंत्राच्या प्रेमाला निर्मात्याने स्वतःचा आवाज द्यावा, यात खोल अर्थ आहे. हिंदी शब्द होते इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या स्वानंद किरकिरे यांचे. प्रेमगीतात अणू-रेणूंना जागा देणे सोपे नव्हते आणि त्यांनी ते सहजपणे केले.

'रोबोट'मध्ये हे जमले त्याचे एक कारण कामाच्या पद्धतीत आहे. गाणी आणि पार्श्वसंगीत दोन्ही रेहमान यांचेच होते. मुंबईत अनेकदा तसे घडत नाही. 2006 च्या 'क्रिश'ची गाणी राजेश रोशन यांची, पार्श्वसंगीत सलीम-सुलेमान यांचे. दोघेही कसलेले. पण प्रेमगीताची चाल एकाच्या मनातली आणि नायिका संकटात सापडते तेव्हाचे संगीत दुसऱ्याच्या मनातले, असे झाले की धून पात्राबरोबर वाढत नाही. हान आणि लेआची धून पहिल्या लाजऱ्या प्रसंगापासून गोठवण्याच्या प्रसंगापर्यंत वाढते, कारण ती एकाच डोक्यात वाढत होती. थीम टिकायची तर संगीतकाराला पटकथा आधी मिळाली पाहिजे आणि गाण्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंतचे काम त्याच्याच हाती राहिले पाहिजे.

मराठीत या वाटेवरचे एक ठळक पाऊल म्हणजे सुजय डहाके यांचा 'फुंतरू'. मार्च 2016 मध्ये तो प्रदर्शित झाला. अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आवडत्या मुलीची होलोग्राम प्रतिकृती घडवतो. मदन देवधर नायक, गायिका-अभिनेत्री केतकी माटेगावकर नायिका. संगीत हृषीकेश-सौरभ-जसराज यांचे. 'रोबोट'मध्ये एक स्त्री आणि तिच्यावर प्रेम करणारे दोन सारखे चेहरे होते. इथे एकच मुलगा आणि समोर एका मुलीची दोन रूपे, एक हाडामांसाची आणि एक प्रकाशाची. संगीताच्या दृष्टीने याहून मोहक प्रश्न मराठी चित्रपटापुढे क्वचितच आला असेल. दोघींना एकच धून द्यावी की दोन? वाचकांनी तो चित्रपट मिळवून, हा प्रश्न मनात धरून, कान देऊन पाहावा.

मराठी चित्रपटाला असे मोठे संगीत परवडत नाही, असे नेहमी म्हटले जाते. त्याच वर्षी, 29 एप्रिल 2016 रोजी, 'सैराट' आला. तो विज्ञानपट नाही, पण अजय-अतुल यांनी त्याच्या गाण्यांतला पाश्चात्त्य वाद्यवृंद कॅलिफोर्नियात सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. आर्ची आणि परशाच्या प्रेमातली व्हायोलिने तिथली आहेत. 2015 मध्ये 'स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स'साठी म्हाताऱ्या झालेल्या हान आणि लेआची जुनी प्रेमधून जॉन विल्यम्स यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केली, तीही त्याच दालनात.